१५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर भारतात होतं का? सामीलनामा आणि विलीनीकरण, सोप्या भाषेत

आज्जीच्या ट्रंकेत सुतळीनं बांधलेला शेतसाऱ्याच्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे. मागच्या ऑगस्टमध्ये भाचीला शाळेत गावाच्या इतिहासावर प्रोजेक्ट आला म्हणून तो सोडला. वरचीच पावती १९४८ सालची. कागद तांबूस झालेला, घडीवर फाटायला आलेला, वर बाळबोध अक्षरात छापलेलं "करवीर सरकार" (करवीर म्हणजे कोल्हापूरच) आणि खालच्या रकान्यांत तलाठ्यानं मोडीत भरलेले आकडे. भाची आठवीत आहे, तिनं सरळ विचारलं, "मामा, इंग्रज १९४७ ला गेले, मग १९४८ ला हे करवीर सरकार कुठलं? आपण कुणाला सारा भरत होतो?"

मी म्हटलं, अगं थांब, एका वाक्यात सांगण्यासारखं हे नाही.

आणि त्याच आठवड्यात, जिलेबीचे मांडव पडायला लागले की दरवर्षी येतो तसा तो मेसेज आलाच. "कोल्हापूर १५ ऑगस्टला स्वतंत्र झालंच नव्हतं, आपला खरा स्वातंत्र्यदिन १ मार्च १९४९." तालमीच्या ग्रुपवर दोन दिवस त्यावर वाद चालला, कुणी म्हणालं खोटं आहे, कुणी म्हणालं पुस्तकातनं मुद्दाम लपवलंय. खरं सांगायचं तर त्यातली १ मार्च १९४९ ही तारीख खरी आहे आणि तिच्यावरनं काढलेला अर्थ चुकीचा आहे. तारीख बरोबर असली की माणसाला पुढचंही सगळं बरोबर वाटतं, घोळ तिथंच होतो.

आधी संस्थान म्हणजे काय ते बघू

१९४७ च्या आधी आपल्या देशाचे दोन भाग होते. एक भाग इंग्रज थेट चालवायचे, त्याला ब्रिटिश हिंदुस्थान म्हणायचे. सातारा, पुणे, बेळगाव ही शहरं त्यात, मुंबई इलाख्यात. दुसरा भाग संस्थानांचा. तिथं गादीवर राजा आपला, दिवाण, कचेरी, पोलीस, कोर्ट, सारा सगळं राजाच्या नावानं, पण राजाच्या डोक्यावर इंग्रज सरकार. अशी साडेपाचशेच्या वर संस्थानं होती, काही हैदराबादएवढी अवाढव्य, काही चार-दोन गावांची.

कोल्हापूर त्यातलं मोठं आणि मानाचं, १९ तोफांच्या सलामीचं. छत्रपतींची गादी. ताराराणींनी ती उभी केली आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं कायमची वेगळी झाली. पुढं १८१२ मध्ये कंपनी सरकारशी तह झाला आणि तिथनं हळूहळू इंग्रजांचा हात आत आत येत गेला. तो कुणी मुकाट्यानं सोसला नाही, हे आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतं. १८५७ आपण शाळेत शिकतो, पण त्याच्या १३ वर्षं आधी, १८४४ ला, सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथल्या गडकऱ्यांनी बंड केलं होतं, आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या किती जणांना माहीत आहे? ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांना इंग्रजांनी पकडून कराचीला नेलं, ते परत आलेच नाहीत, तिथंच वारले. चिमासाहेब चौकातनं आपण रोज गाड्या मारतो, तो चौक त्यांच्या नावाचा.

तर संस्थान म्हणजे अशी जागा, जिथं घरचा मालक आपला पण दाराची किल्ली दुसऱ्याकडं. रेसिडेंट नावाचा इंग्रज अधिकारी कोल्हापुरातच बसायचा आणि मोठ्या गोष्टी त्याला विचारल्याशिवाय होत नव्हत्या. या वरच्या हुकमतीला कायद्याच्या भाषेत अधिसत्ता म्हणतात, हा शब्द एवढ्यापुरताच लक्षात ठेवा.

इंग्रज गेले, मग संस्थानांचं काय झालं?

जुलै १९४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं स्वातंत्र्याचा कायदा केला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थान सरळ भारत आणि पाकिस्तान यांच्याकडं गेला. पण संस्थानांबद्दल कायदा एवढंच म्हणाला की आमची अधिसत्ता संपली. ती भारताला दिली असं काही नाही म्हणाला, नुसती संपली.

हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या. तुम्ही ऊस कारखान्याला नोंदवलाय आणि ऐन हंगामात कारखानाच बंद पडला. कागदावर तुम्ही मोकळे, आता ऊस कुणालाही घाला. पण तोडणीची टोळी कारखान्याची, ट्रॅक्टर कारखान्याचा, उचल त्यांची, मग उभा ऊस घेऊन करायचं काय? संस्थानांचं तसंच झालं. कागदावर राजे मोकळे झाले, पण रेल्वे, पोस्ट, तार, फौज, परदेशाशी व्यवहार हे सगळं इतकी वर्षं वरनं चालत होतं. एकट्यानं उभं राहणं बहुतेकांना शक्यच नव्हतं, आणि लोकांनाही ते नको होतं.

मग सरदार पटेल आणि त्यांच्या खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी एक कागद पुढं केला, सामीलनामा. त्यात राजानं सही करून तीन गोष्टी भारताला द्यायच्या, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी सगळं तूर्त संस्थानाकडंच. १५ ऑगस्टपर्यंत भारताच्या हद्दीतल्या जवळपास सगळ्या संस्थानांच्या सह्या झाल्या होत्या, मोठी अडलेली तीन, हैदराबाद, जुनागढ आणि काश्मीर. कोल्हापूर अडलेल्यांत नव्हतं. ऑगस्ट १९४७ मध्येच कोल्हापूरचा सामीलनामा झाला, तेव्हा गादीवर शहाजी महाराज होते, ते त्याच वर्षी देवासहून दत्तक येऊन गादीवर बसलेले.

म्हणजे भाचीच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं. १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर भारतात होतं. आणि सारा त्या तीन विषयांत येत नव्हता, म्हणून १९४८ ची पावती करवीर सरकारची. त्यात काही लपवाछपवी नाही.

सामीलनामा एक, विलीनीकरण दुसरं

सगळा गोंधळ हे दोन शब्द एक समजल्यामुळं आहे. गावातल्या दूध संस्थेवरनं बघा, लगेच कळेल.

गावची संस्था जिल्ह्याच्या दूध संघाला जोडलेली असते. टँकर संघाचा, फॅटचा नियम संघाचा, शहरात दूध विकायचं ते संघानं. पण चेअरमन गावचा, सचिव गावचा, सभासदांचं रजिस्टर संस्थेच्या कपाटात, दिवाळीला किती रुपये वाटायचे ते संस्था ठरवणार. हा सामीलनामा. आता समजा उद्या ती संस्थाच मोडून शेजारच्या मोठ्या संस्थेत घातली, तर चेअरमनची खुर्ची गेली, शिक्का गेला, रजिस्टर तिकडं गेलं, सकाळी किटली घेऊन जाणारा माणूस तोच आणि म्हैसही तीच पण पावतीवरचं नाव बदललं. हे विलीनीकरण.

कोल्हापूर ऑगस्ट १९४७ ला संघाला जोडलं गेलं आणि १ मार्च १९४९ ला संस्था मोडून मुंबई प्रांतात गेली. या दोन तारखांमध्ये साडेअठरा महिने आहेत. या साडेअठरा महिन्यांत कोल्हापूर भारतातच होतं, फक्त भारतातलं एक संस्थान होतं.

"मग एवढा उशीर का? सांगली तर आधीच गेली"

हे खरंय. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जमखंडी ही दक्षिणेतली संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूरला आणखी एक वर्ष लागलं. यावरनं काही जण म्हणतात की कोल्हापूरनं खोडा घातला. पण त्या वेळचं धोरण बघितलं तर पहिल्यांदा छोटी संस्थानं घ्यायची होती, ज्यांना स्वतःचा कारभार परवडतच नव्हता. कोल्हापूरची लोकसंख्या दहा लाखांच्या वर, स्वतःची रेल्वे (मिरज-कोल्हापूर, १८९१ ला सुरू झालेली), स्वतःचं हायकोर्ट, कॉलेज, धरण. त्याच्याकडं वेगळं बघितलं गेलं. बडोद्याचं बघा, ते तर कोल्हापूरच्याही नंतर, १ मे १९४९ ला विलीन झालं.

मधे एक वाईट गोष्ट घडली आणि ती टाळून पुढं जाणं बरोबर नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, त्यानंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली, ब्राह्मणांची घरं जळाली, जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचे संसार रस्त्यावर आले. ज्या शहरानं साऱ्या देशाला सामाजिक न्याय शिकवला त्या शहरात हे झालं. त्यानंतर भारत सरकारनं कारभारासाठी प्रशासक नेमला आणि मग वर्षभरात विलीनीकरणाचा करार झाला. राजांना तनखा ठरवून दिला गेला, तो देशभरातल्या सगळ्याच राजांचा १९७१ च्या घटनादुरुस्तीनं बंद झाला.

"पण राजे तर आपलेच होते, मग लढा कुणाशी?"

हा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो आणि तो प्रामाणिक आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. १९२० ची माणगाव परिषद, जिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शाहू महाराज एका व्यासपीठावर आले, तीसुद्धा संस्थानाच्याच मुलखात झाली. अशा राजाच्या प्रजेला स्वातंत्र्य कशापासून पाहिजे होतं?

तर उत्तर असं की शाहू महाराज १९२२ ला गेले. चांगला राजा असणं हे प्रजेचं नशीब असतं, हक्क नव्हे. नंतरचे राजाराम महाराज १९४० ला वारले, त्यानंतर दत्तक घेतलेले छत्रपती अगदी तान्हे होते आणि १९४६ ला तेही गेले. या काळात कारभार कुणाच्या हातात? राजघराण्यातली मोठी माणसं, अधिकारी आणि मागं रेसिडेंट. सारा किती, शाळा किती, पोलिसानं पकडलं तर दाद कुठं मागायची, यातलं काहीच साध्या माणसाच्या मतावर नव्हतं.

म्हणून १९३९ ला भाई माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रजापरिषद उभी केली. मागणी एकच, जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे काय, तर कारभार बघणाऱ्यांनी लोकांनी निवडून दिलेल्यांना हिशेब द्यायचा. ब्रिटिश मुलखातल्या माणसाला एका सरकारशी लढायचं होतं, संस्थानातल्या माणसाला एकाच वेळी दोघांशी, इंग्रजांशी आणि घरच्या कारभाराशी, आणि त्यातलं दुसरं जास्त अवघड, कारण समोर आपलीच माणसं.

१९४२ ला काय झालं बघा. आज आपण ज्याला शिवाजी चौक म्हणतो तिथं तेव्हा मुंबईचे माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. चळवळीत लोकांनी त्या पुतळ्यावर राग काढला, पुढं तो पुतळा गेला आणि त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा आला. आणि १३ डिसेंबर १९४२ ची गारगोटी. क्रांतिकारकांनी गारगोटीच्या कचेरीवर, खजिन्यावर हल्ला केला, करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे साथीदार, सात जण मारले गेले. ही कचेरी संस्थानाची होती. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांनी घरचा आणि बाहेरचा असा फरक केला नव्हता. १ मार्चची गोष्ट सांगताना ही सात माणसं विसरली तर ती गोष्ट नुसत्या सह्या-शिक्क्यांची उरते.

आणि एक, हे मला स्वतःला फार आवडतं. रत्नाप्पाण्णा दिल्लीला घटना समितीत होते. २६ जानेवारी १९५० ला जे संविधान लागू झालं, त्यावर या शिरोळ तालुक्यातल्या माणसाची सही आहे.

"मग हैदराबादसारखंच झालं की! मुक्तिदिन का नाही?"

नाही, तसं नाही झालं. हैदराबादच्या निजामानं सामीलनाम्यावर सहीच केली नव्हती. तिथं रझाकारांचा जुलूम होता, भारतीय फौज १३ सप्टेंबर १९४८ ला आत गेली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. म्हणून मराठवाड्यातली माणसं १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतात आणि तो त्यांचा हक्काचा दिवस आहे, १५ ऑगस्ट १९४७ ला ते खरोखरच भारतात नव्हते. खाली गोवा घ्या, तो १९ डिसेंबर १९६१ ला आला, कारण तिथं पोर्तुगीज.

कोल्हापूरची १ मार्च ही या जातीची तारीख नाही, ती कारभार बदलल्याची तारीख आहे. तिला मुक्तिदिन म्हटलं तर मराठवाड्यानं जे भोगलं त्याचं वजन कमी होतं आणि आपल्या सामीलनाम्यालाही अर्थ राहत नाही. त्या दिवशी शाळेत दोन शब्द जरूर सांगावेत, प्रजापरिषदेची आठवण काढावी, पण झेंडावंदन १५ ऑगस्टचंच.

तुमचं गाव कुठल्या तारखेचं?

आता खरी मजा. आपण ज्याला आज कोल्हापूर जिल्हा म्हणतो तो एका तुकड्याचा नाहीच, गोधडीसारखा जोडलेला आहे.

शहर, करवीर, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लज ही थेट संस्थानातली, तारीख १ मार्च १९४९. इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा या संस्थानाखालच्या जहागिऱ्या, आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत, त्यांची गोष्टही कोल्हापूरबरोबरच. कुरुंदवाड मात्र पटवर्धनांचं वेगळं संस्थान, ते सांगली-मिरजेबरोबर ८ मार्च १९४८ ला. म्हणजे शिरोळ तालुक्यात शेजारशेजारच्या गावांच्या तारखा वेगळ्या, एकाच लग्नात वराकडची मंडळी एका वर्षाची आणि वधूकडची दुसऱ्या. आणि चंदगड तर संस्थानात कधी नव्हतंच, ते बेळगाव जिल्ह्यात, थेट इंग्रजांखाली, म्हणजे तिथं कुठला सामीलनामा नाही न् विलीनीकरण नाही. आपल्या जिल्ह्यात ते आलं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानातलं, ते आज बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात आहे.

सांगलीचंही सांगतो. आज तिथल्या पोरांना विचारा, कुंडल कुणाच्या राज्यात होतं? ते बिनधास्त सातारा म्हणतील. प्रतिसरकारचं ते मोठं ठाणं औंध संस्थानात होतं. आणि सांगली जिल्ह्याचं पहिलं नावच दक्षिण सातारा, १९६० ला ते सांगली झालं.

याचा आज काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो इतिहासाच्या आवडीपुरता नाही. जमिनीचे जुने दावे ज्यांनी लढलेत त्यांना विचारा. ब्रिटिश मुलखातले जमिनीचे, इनामाचे, वतनाचे नियम वेगळे आणि संस्थानातले वेगळे होते. म्हणून १९५५ साली मुंबई राज्याला विलीन झालेल्या मुलखातल्या इनामांसाठी खास वेगळा कायदा करावा लागला. आजोबांच्या नावची सनद संस्थानाची की इंग्रज सरकारची, यावर पुढचा कागद कुठं शोधायचा ते ठरतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीतले रुमालच्या रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) पडून आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चाललीत, याची मला खरंच काळजी वाटते. मोडीचे वर्ग आपल्याकडं भरतात, घरातल्या एकानं तरी शिकावं.

दुसरं, कोर्ट. वर म्हटलं तसं संस्थानाचं स्वतःचं हायकोर्ट होतं, विलीनीकरणाबरोबर ते संपलं आणि कोल्हापूरच्या पक्षकाराला मुंबईची वाट धरावी लागली. कित्येक वर्षं वकिलांनी, लोकांनी आंदोलनं केली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. ते सुरू झालं तेव्हा जुनी माणसं "परत आलं" का म्हणत होती ते यावरनं कळतं.

हे सगळं भाचीला एका दमात सांगितलं नाही, दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी तिनं गठ्ठ्यातली आणखी एक पावती काढली, १९५० ची, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. नव्या पावतीवर वर "मुंबई सरकार". शेत तेच, नाव पणजोबांचंच. मोडी येणाऱ्या शेजारच्या काकांना बोलावून आकडे वाचून घेतले. काकांनी चष्मा वर करून दोन्ही कागद उजेडाला धरले आणि म्हणाले, "अक्षर एकाच माणसाचं आहे बघ, तलाठी तोच."